डावखुरी

रविवार कारंजावरून आत, भांड्यांच्या गल्लीत
हुजैफाभाईंचं बंदुकीचं दुकान. पाटीवरचा वाघ
उन्हानं विटून विटून मांजर झालाय.

आम्ही तिघं. मी, कांचन,
आणि हरसूलहून पहाटेच्या एसटीनं आलेले बा,
ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

कांचन चौदाची. शाळेच्या उसन्या रायफलीवर दोन वर्षं काढली,
चारशेपैकी तीनशे बासष्टवर अडली.
सर म्हणाले, आता हिला हिची स्वतःची हवी.
सरांना म्हणायला काय जातं.

पहिली निघाली चकचकीत, लाल पट्ट्याची.
किंमत ऐकून मी रुमाल काढला, परत ठेवला.
सातपूरला बेअरिंगच्या कड्या मायक्रोमीटरनं तपासतो मी,
वाटायचं, वस्तूची पारख आहे.
नळीत डोकावून पाहिलं.
भाई म्हणाले, "ती राहू द्या, आधी पोरगी मोजा."
आणि शिंप्यासारखी टेप काढून
कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत तिचा हात मोजला,
मग मान, मग गाल कुठं टेकतो ते.
"वजन दंडावर नाही घ्यायचं, बेटा. हाडावर घ्यायचं.
दंड दमतो, हाड दमत नाही."

दुसरी जड होती. तिसरी बरी,
पण कांचननं ती खांद्याला लावली आणि मान वाकडी करून हसली.
"पप्पा, ही पण उजव्यांची."

ही *पण*.
म्हणजे दोन वर्षं ती परक्या खांद्याशी जुळवून घेत होती
आणि मी लांबून बघून म्हणायचो, पोर किती एकाग्र होते.
डाव्या हातातला घास उजव्यात देता देता
तिच्या आईनं कधीच हात टेकले होते.
मी तेवढंही बघितलं नव्हतं.

बा कोपऱ्यात स्टुलावर. चहा बशीत ओतून थांबलेले.
"माझी पण उजव्याचीच व्हती," बशीला म्हणाले.

ठासणीची ती. रानडुकरांपासून नागली राखायला.
घोडा उजव्या अंगाला, केपाची टोपी तिथंच फुटायची.
डावा गाल दस्त्याला टेकला
की ठिणगी सरळ तोंडावर.

त्यांच्या गालावरचे ते निळे-काळे ठिपके!
आम्ही सगळी भावंडं त्यांना देवीचे वण म्हणत आलो.
आईसुद्धा.
बांनी कधी दुरुस्त केलं नाही.
कुठल्याशा निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा केली,
पावती पत्र्याच्या पेटीत ठेवली,
परत आणायला गेलेच नाहीत.

"मग नेम कसा धरायचा?" मी विचारलं.
"डोळे मिटून वढायचो. डुकरं आवाजालाच पळायची."

हुजैफाभाई मागच्या खोलीत गेले. खोकी सरकवल्याचा आवाज, शिंक,
पुन्हा खोकी.
आणली ती वापरलेली. मुठीजवळ निळा रंग उडालेला.
कॉलेज रोडच्या कुणा मुलीची,
ती दातांची डॉक्टर व्हायला धुळ्याला गेली.
मूठ डाव्या तळव्यासाठी घासून घेतलेली,
गालपट्टी दुसऱ्या अंगाला.

कांचननं लावली.
काही झालं नाही. म्हणजे
खांदा वर गेला नाही, मान वाकली नाही,
बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता
ते आम्हाला आत्ता ऐकू आलं.

"हिनं मारायचं काय?" बा.
"कागद, आजा. मधे ठिपका असतो. खसखशीएवढा."
"आन् तो पळत न्हाई?"
"नाही."
बांनी बशी खाली ठेवली.
"मंग अवघड हाय."

अर्धे आज, उरलेले दिवाळीपर्यंत, असं ठरलं.
पेटीत घालण्याआधी बांनी हात पुढं केला.
रिकामी आहे ना, हे भाईंनी दोनदा पाहिलं.
बांनी डावा गाल टेकवला, भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी धरली,
चाप ओढला. टक्.
डोळा मिटलाच.
"सवय," ते म्हणाले, "पुन्यांदा."

मी नोटा मोजत होतो.
दुसऱ्या वेळचं मला दिसलं नाही.